ऑब्लाँग : एका लांबट शब्दाची लांबलेली गोष्ट

इंग्रजीत 'ऑब्लाँग' नावाचं एक विशेषण आहे. आपण ते शाळेत कधीतरी वाचलेलं असतं आणि नंतर सोयीस्करपणे विसरलेलं असतं. अर्थ विचारलात तर पटकन उत्तर येतं, "लांबट!" बरोबर आहे. पण लांबट म्हणजे कसं? विटेसारखं की वांग्यासारखं?

इथे लगेच दोन गट पडतात. एक गट म्हणतो, ऑब्लाँग म्हणजे आयत. दुसरा म्हणतो, छे, ऑब्लाँग म्हणजे लंबगोल. आणि गंमत म्हणजे दोन्ही गट बरोबर आहेत. ब्रिटनमधल्या शाळेत ऑब्लाँग म्हणजे चौरस नसलेला आयत. वनस्पतिशास्त्रात ऑब्लाँग पान म्हणजे ज्याच्या दोन्ही कडा बराच अंतरापर्यंत समांतर जातात आणि टोकं गोलसर असतात. डॉक्टर लोकांचा 'मेड्युला ऑब्लाँगाटा' म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेला लांबट भाग, त्याला एकही कोपरा नसतो. ग्रंथपालांच्या नोंदीत 'ऑब्लाँग' लिहिलेलं असेल तर ते पुस्तक उंचीपेक्षा रुंदीला जास्त आहे असं समजायचं. त्या हिशेबाने आजीच्या देवघरातली पोथी पक्की ऑब्लाँग. ताडपत्रं लांबच लांब असायची, त्यावरून पोथीला तो आकार मिळाला, आणि कागद आल्यावरही तो सुटला नाही.

मग एका शब्दाचे इतके अर्थ कसे? मूळ लॅटिन शब्द 'ऑब्लाँगस', अर्थ 'काहीसा लांब'. इंग्रजीत तो पंधराव्या शतकात आला. त्यात कोपरे आहेत की नाहीत याबद्दल एक अक्षर नाही. तो एवढंच सांगतो की एखादी गोष्ट सगळीकडून सारखी असेल असं आपण धरून चाललो होतो, पण ती एका बाजूला जास्त निघाली. चौरस ताणला गेला की ऑब्लाँग, गोल ताणला गेला की तोही ऑब्लाँग. म्हणजे हे विशेषण एकटं कधी येतच नाही. त्याच्यामागे न बोललेला प्रश्न असतो, "कशापेक्षा लांब?"

प्रश्न किरकोळ वाटतो ना? पण या प्रश्नावर भूमितीवाले दोन हजार वर्षं अडखळलेत. आणि अठराव्या शतकात तर आपली अख्खी पृथ्वी ऑब्लाँग आहे की नाही यावरून दोन देशांचे विद्वान हमरीतुमरीवर आले, दोन मोहिमा निघाल्या आणि माणसं मेली. क्रमाने सांगतो.

*

सुरुवात युक्लिडपासून. 'एलिमेंट्स'च्या पहिल्याच पुस्तकात त्याने चौकोनांच्या व्याख्या दिल्यात. चौरस म्हणजे सगळ्या बाजू समान आणि सगळे कोन काटकोन. त्यानंतर येतो 'हेटेरोमेकेस', म्हणजे शब्दशः 'वेगवेगळ्या लांबीचा'. कोन काटकोन, पण बाजू समान नाहीत. हाच पुढे इंग्रजी पुस्तकांतला ऑब्लाँग झाला.

लक्षात आलं का? युक्लिडच्या व्याख्येत चौरस हा ऑब्लाँग नाही. दोन वेगळे खण, एकातला दुसऱ्यात जाणार नाही. आपल्याला मात्र शाळेत शिकवलं की प्रत्येक चौरस हा आयत असतो, पण प्रत्येक आयत चौरस नसतो. म्हणजे मधल्या काळात कुणीतरी खणांमधली भिंत पाडली.

पाडणारा पहिला माणूस स्वतः युक्लिडच. व्याख्या देऊन झाल्यावर तो 'हेटेरोमेकेस' हा शब्द पुढे कामालाच लावत नाही. दुसऱ्या पुस्तकात जिथे खरं काम सुरू होतं, तिथे तो 'काटकोनी समांतरभुज चौकोन' असं लांबलचक बोलतो, पण त्यात चौरसही बसतो. कारण उघड आहे. आयताबद्दल जे सिद्ध केलं ते चौरसाला आपोआप लागू पडत असेल, तर दोनदा कशाला सिद्ध करा? डोन्ट रिपीट युवरसेल्फ, इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास!

कोड लिहिणाऱ्या मंडळींना इथे ओळखीचा वास आला असेल. ऑब्जेक्ट ओरिएंटेड शिकताना 'स्क्वेअर हा रेक्टँगलचा सबक्लास करावा का' हा प्रश्न प्रत्येकाच्या वाट्याला येतो. गणिताने बघितलं तर करावा. पण रेक्टँगलला 'रुंदी बदल' आणि 'उंची बदल' अशा दोन स्वतंत्र मेथड्स असतील तर स्क्वेअरची पंचाईत होते. रुंदी बदलली की उंचीही बदलावी लागते, आणि रेक्टँगल समजून वापरणाऱ्याचं गणित चुकतं. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ साली मांडलेलं तत्त्व शिकवताना हेच उदाहरण वर्षानुवर्षं वापरलं जातंय. थोडक्यात काय, आकृती नुसती बघायची असेल तर चौरस हा आयत आहे. ती ताणायची असेल तर नाही. युक्लिडची व्याख्या एका बाजूची आणि त्याची प्रमेयं दुसऱ्या बाजूची.

आपल्याकडची कथा आणखी मजेदार आहे. युक्लिडच्याही आधी काही शतकं बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखायचे नियम आहेत. दोरी आणि खुंट्या एवढ्यावर सगळी भूमिती. तिथे चौरसाला म्हटलंय 'समचतुरस्र' आणि आयताला 'दीर्घचतुरस्र'. दीर्घ म्हणजे लांब, चतुरस्र म्हणजे चौकोन. हा तर सरळसरळ ऑब्लाँगच! ज्याला आपण पायथागोरसचं प्रमेय म्हणतो, ते बौधायन दोन वेळा सांगतो, एकदा चौरसाच्या कर्णासाठी आणि पुन्हा दीर्घचतुरस्राच्या कर्णासाठी. खण वेगळे, म्हणून नियमही वेगळे.

आणि आपला 'आयत' हा शब्द? संस्कृतात 'आयत' म्हणजे ताणलेला, लांब. 'आयताक्षी' म्हणजे लांबसडक डोळ्यांची, आयताकृती डोळ्यांची नव्हे :) म्हणजे शाळेतलं 'प्रत्येक चौरस हा आयत असतो' हे वाक्य शब्दशः घेतलं तर अर्थ होतो, 'सगळीकडून सारखी असलेली प्रत्येक आकृती लांबट असते'. गणित बरोबर, पण शब्द बिचारा उताणा पडला.

इंग्रजीतही सुरुवातीला असाच साधा शब्द होता. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श डॉक्टराने १५५१ साली 'द पाथवे टू नॉलेज' हे भूमितीचं पुस्तक चक्क इंग्रजीत लिहिलं. त्या काळात हा धाडसाचाच प्रकार, कारण शास्त्र लिहायचं तर लॅटिनमध्ये. बरोबरचं चिन्ह, म्हणजे दोन आडव्या समांतर रेघा, हेही याच माणसाने १५५७ साली आणलं. (आपण कोडमध्ये त्या चिन्हाचे जे हाल केलेत ते बघून त्याला काय वाटलं असतं कोण जाणे.) रेकॉर्डला वाटायचं की कारागिरालाही भूमिती कळली पाहिजे. म्हणून लघुकोनाला तो 'शार्प कॉर्नर' म्हणतो, विशालकोनाला 'ब्लंट कॉर्नर', आणि आयताला 'लाँग स्क्वेअर'. लाँग स्क्वेअर म्हणजे हुबेहूब दीर्घचतुरस्र! दोघांची गाठ पडण्याची सुतराम शक्यता नाही, पण दोरी हातात धरणाऱ्या माणसाला आकृती जशी दिसते तसाच शब्द दोन्हीकडे सुचला.

रेकॉर्डचे शब्द टिकले नाहीत. विद्वानांना लॅटिन वळणाचे शब्द हवे होते. ऑब्लाँग राहिला, पुढे 'रेक्टँगल' वरचढ झाला, आणि ऑब्लाँग हळूहळू प्राथमिक शाळेच्या वर्गात आणि दुकानातल्या ट्रेच्या वर्णनात जाऊन बसला. पण त्याआधी त्याला एकदा मोठी भूमिका मिळाली.

*

सतराव्या शतकापर्यंत शिकलेल्या माणसाला पृथ्वी गोल आहे हे माहीत होतं. गोल म्हणजे पूर्ण गोल. पहिली शंका आली ती एका घड्याळामुळे. १६७२ साली जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत केयेन इथे गेला, विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर. त्याचं लंबकाचं घड्याळ पॅरिसला चोख चालायचं, इथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक जरासा आखूड केला तेव्हा ते ताळ्यावर आलं. म्हणजे विषुववृत्ताजवळ गुरुत्वाकर्षण थोडं कमी आहे.

न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त याचा अर्थ लावला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे मध्यभागी फुगते आणि ध्रुवांकडे चपटी होते. त्याने आकडाही काढला, ध्रुवातून जाणारा व्यास आणि विषुववृत्तावरचा व्यास यांचं प्रमाण २२९ ला २३०. हे सगळं खोलीत बसून.

तिकडे फ्रान्समध्ये कासिनी घराणं खोलीत बसलेलं नव्हतं. पॅरिसच्या वेधशाळेवर या घराण्याचा पिढ्यानपिढ्या ताबा. त्यांनी फ्रान्सच्या दक्षिण टोकापासून उत्तरेला डंकर्कपर्यंत जमीन प्रत्यक्ष मोजली, ते काम १७१८ साली पुरं झालं. जाक कासिनीचा निष्कर्ष न्यूटनच्या बरोबर उलट होता. पृथ्वी ध्रुवांच्या दिशेने ताणलेली आहे. म्हणजेच ऑब्लाँग.

इथे इंग्रजी भाषेने एक खोडसाळपणा करून ठेवलाय. त्या काळच्या लेखनात लांबट गोलाला 'ऑब्लाँग' आणि चपट्या गोलाला 'ऑब्लेट' म्हणत. दोन शब्द जवळपास सारखे आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध! कोड रिव्ह्यूमध्ये कुणी अशी व्हेरिएबलची नावं दिली तर आपण परत पाठवू. पुढे गणितात लांबट गोलासाठी 'प्रोलेट' हा शब्द रुळला आणि गोंधळ कमी झाला. अमेरिकन फुटबॉलच्या नियमपुस्तकात चेंडूचा आकार आजही 'प्रोलेट स्फिरॉइड' असा दिलाय.

आता जमीन मोजून आकार कसा कळतो ते बघू, कारण सगळी मेख तिथेच आहे. मुंबई-पुणे रस्ता डोळ्यांसमोर आणा. खंडाळ्याच्या घाटात तीव्र वळण असलं की गाडीचं तोंड एका अंशाने वळायला काही फूट पुरतात. एक्स्प्रेसवेच्या लांबलचक मंद वळणावर तेवढंच वळायला बरंच अंतर जावं लागतं. पृथ्वीवर उत्तरेकडे चालताना ध्रुवतारा एका अंशाने वर यायला किती चालावं लागतं, ते मोजायचं. जिथे पृष्ठभाग जास्त वळलेला तिथे कमी चालावं लागेल, जिथे सपाट तिथे जास्त. पृथ्वी ध्रुवाकडे चपटी असेल तर तिकडचा एक अंश लांब भरेल. पृथ्वी लांबट असेल तर ध्रुवाकडची बाजू निमुळती, म्हणून तिकडचा अंश आखूड भरेल.

कासिनीला पॅरिसच्या दक्षिणेचा अंश ५७,०९७ त्वाझ मिळाला आणि उत्तरेचा ५६,९६०. त्वाझ हे जुनं फ्रेंच माप, साधारण १.९५ मीटरचं. उत्तरेचा अंश आखूड, म्हणून पृथ्वी लांबट. तर्कात कुठेही खोट नाही. खोट होती ती मापात. एवढ्याशा फ्रान्समध्ये दोन अंशांतला खरा फरक इतका छोटा आहे की त्या काळच्या उपकरणांची चूक त्याहून मोठी होती. चुकीमुळे नुसता आकडा बदलला नाही, चिन्हच उलटं झालं.

आणि हे नुसतं मानापमानाचं नाटक नव्हतं बरं का. अंशाची लांबी चुकली की समुद्रावरचे नकाशे चुकतात आणि जहाजं खडकावर जातात. शिवाय पृथ्वी लांबट ठरली तर न्यूटनचं गुरुत्वाकर्षण अडचणीत, चपटी ठरली तर देकार्तच्या भोवऱ्यांचा सिद्धांत मानणारे फ्रेंच विद्वान अडचणीत. व्होल्तेरने १७३० च्या दशकात टोमणा मारलाच की पॅरिसमध्ये पृथ्वी खरबुजासारखी असते आणि लंडनला गेलं की दोन्हीकडून चपटी होते.

*

शेवटी फ्रेंच विज्ञान अकादमीने ठरवलं की वाद पुरे, टोकांना जाऊन मोजा. एक तुकडी विषुववृत्ताजवळ, दुसरी उत्तर ध्रुववृत्ताजवळ. फरक जिथे सगळ्यात मोठा असेल तिथेच मोजायचं, म्हणजे उपकरणाची चूक त्याला गिळू शकणार नाही. टेस्ट केस निवडावी तर अशी.

पहिली तुकडी मे १७३५ मध्ये तेव्हाच्या पेरूला, म्हणजे आजच्या इक्वेडोरला निघाली. गोदँ, बुगे आणि ला कोंदामिन हे तिघं मुख्य, आणि तिघांचं आपसात पटत नव्हतं. सोबत दोन तरुण स्पॅनिश अधिकारी, होर्हे हुआन आणि उल्योआ. क्वितोजवळच्या पठारावर त्यांनी बारा किलोमीटरची पायारेषा लाकडी दांड्या एकापुढे एक ठेवून मोजली. मग अँडीजच्या शिखरांवर खुणा उभारत त्रिकोणांची साखळी दक्षिणेकडे नेली. थंडी, धुकं, पैशांची चणचण, स्थानिक अधिकाऱ्यांशी भांडणं. कुप्ले नावाचा तरुण सहकारी १७३६ मध्येच तापाने गेला. तुकडीचा सर्जन सेनिएर्ग १७३९ मध्ये कुएन्का शहरात बैलांच्या खेळाच्या दिवशी जमावाच्या हातून मारला गेला. सामान वाहणाऱ्या स्थानिक माणसांची आणि गुलामांची तर नावंसुद्धा बहुतेक ठिकाणी लिहिलेली नाहीत.

दुसरी तुकडी १७३६ मध्ये लॅपलँडला, आजच्या स्वीडन-फिनलंड सरहद्दीवरच्या तोर्ने नदीच्या खोऱ्यात गेली. प्रमुख मोपेर्त्वी, सोबत गणिती क्लेरो, आणि ज्याच्या नावाने आपण तापमान मोजतो तो सेल्सियस. उन्हाळ्यात डास, हिवाळ्यात बर्फ. पायारेषेसाठी सपाट जागा मिळेना, म्हणून त्यांनी नदी गोठायची वाट बघितली आणि डिसेंबरमध्ये तिच्या पाठीवरच सुमारे चौदा किलोमीटर मोजले. मोपेर्त्वीने लिहून ठेवलंय की पिण्यासारखं द्रव म्हणून ब्रँडीच तेवढी उरली होती, बाकी सगळं गोठलं होतं.

लॅपलँडची मंडळी १७३७ च्या ऑगस्टमध्ये परत आली. त्यांचा अंश भरला ५७,४३७ त्वाझ. पॅरिसजवळचा होता सुमारे ५७,०६०. उत्तरेचा अंश लांब! पृथ्वी चपटी! न्यूटन बरोबर! मोपेर्त्वीने लॅपलँडच्या पोशाखात, पृथ्वीचा गोल हाताने दाबतानाचं स्वतःचं चित्र काढून घेतलं. व्होल्तेरने त्याचं कौतुक केलं ते पृथ्वीला आणि कासिनींना एकदमच चपटं केल्याबद्दल. पुढे दोघांचं बिनसलं, तेव्हा त्याच व्होल्तेरने अशी टर उडवली की न्यूटनला घराबाहेर न पडता जे कळलं ते शोधायला हे महाशय एवढ्या लांब गेले.

आता पेरूवाल्यांची कल्पना करा. तुम्ही अँडीजच्या डोंगरात वर्षानुवर्षं राबताय, आणि पत्र येतं की प्रश्न सुटला, उत्तर मिळालं. ते मात्र काम सोडून परतले नाहीत. मोजणी पुरी केली. विषुववृत्ताजवळचा अंश निघाला सुमारे ५६,७५० त्वाझ. बुगे १७४४ मध्ये फ्रान्सला पोहोचला, तर ला कोंदामिन ॲमेझॉन नदीतून उतरत, फिरून १७४५ मध्ये.

मला या गोष्टीतला सगळ्यात जास्त आवडणारा भाग यानंतरचा आहे. तो पुस्तकांत बहुतेक वेळा तळटीपेत असतो.

लॅपलँडचा आकडा चुकीचा होता. स्वान्बेर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८०१ ते १८०३ मध्ये तिथेच पुन्हा मोजणी केली, तेव्हा मोपेर्त्वीचा अंश दोनशेहून जास्त त्वाझने मोठा निघाला, म्हणजे जवळपास चारशे मीटर. मोपेर्त्वीच्या हिशेबाने पृथ्वीचा चपटेपणा १७८ मध्ये एक भाग होता. आज आपण वापरतो तो सुमारे २९८ मध्ये एक. न्यूटनचा २३० मध्ये एक. म्हणजे बर्फातून मोजून आणलेला आकडा न्यूटनच्या खोलीतल्या आकड्यापेक्षाही दूर होता. तरी 'ऑब्लेट' हे विशेषण मात्र पक्कं बरोबर होतं, कारण फरक एवढा मोठा होता की ती चूकही त्याची दिशा पालटू शकली नाही. आणि मेहनत वाया गेली असं वाटणारे पेरूवाले? त्यांचाच आकडा पुढे जास्त भरवशाचा ठरला.

कासिनी घराण्याबद्दलही एक सांगायला हवं. जाकचा मुलगा सेझार-फ्रान्स्वा याने १७३९-४० मध्ये वडिलांची फ्रान्समधली रेषा पुन्हा मोजायला घेतली. चूक सापडली, आणि १७४४ मध्ये त्याने ती छापून जाहीर केली. घराण्याची अब्रू ज्या विशेषणावर उभी होती, ते घरातल्याच माणसाने खोडलं. मोपेर्त्वीच्या चित्रापेक्षा मला हे मोठं वाटतं.

*

हे सगळं लांबच्या देशांत घडलं, पण या गोष्टीचं एक टोक आपल्या विदर्भात आहे.

विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासला पायारेषा मोजून भारताची त्रिकोणमितीय पाहणी सुरू केली. कंपनीला नकाशे हवे होते. लॅम्ब्टनला नकाशे हवेच होते, पण त्याहून जास्त हवा होता पृथ्वीचा आकार. त्याचा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट जहाजाने येताना फ्रेंचांच्या हाती लागला आणि मॉरिशसला गेला. तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने तो सन्मानाने पुढे पाठवला. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र आपटलं. लॅम्ब्टनने सहा आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केलं. अशी वीस वर्षं तो दक्षिणेकडून उत्तरेकडे अंश मोजत सरकत राहिला, आणि हैदराबादहून नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे.

त्याच्या जागी आला जॉर्ज एव्हरेस्ट. हो, तोच, शिखरवाला. त्याने १८३० मध्ये पृथ्वीचा जो आकार काढला त्याला 'एव्हरेस्ट स्फिरॉइड' म्हणतात, चपटेपणा ३००.८ मध्ये एक. आजच्या आकड्याच्या किती जवळ आलाय बघा. आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे त्यानंतर पिढ्यानपिढ्या याच आकारावर बसवलेले होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर, म्हणजे जीपीएस वापरतं त्या आकारावर आणले. त्यामुळे जुन्या टोपोशीटवरून घेतलेले अक्षांश-रेखांश तसेच जीपीएसच्या नकाशावर टाकले तर विहीर रस्त्यात येते आणि देऊळ शेजारच्या शेतात जातं. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये हा घोळ निस्तरायला आठवडा गेला होता. दोष ना जीपीएसचा ना जुन्या सर्व्हेअरचा. दोघांची पृथ्वी किंचित वेगळ्या मापाने चपटी आहे, एवढंच.

किंचित म्हणजे किती? पृथ्वीची विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवावरची ६,३५७. एक मीटर व्यासाचा पृथ्वीगोल केला तर चपटेपणा भरेल साधारण साडेतीन मिलिमीटर. डोळ्यांना दिसणारही नाही. शाळेत आपल्याला 'पृथ्वी संत्र्यासारखी' असं शिकवतात, पण खरं सांगायचं तर नागपूरचं कुठलंही संत्रं पृथ्वीपेक्षा कितीतरी जास्त चपटं असतं. आपण कोडमध्ये दोन शहरांतलं अंतर काढताना बिनधास्त ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल धरतो, आणि चूक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. जेवणाची डिलिव्हरी द्यायला एवढं पुरतं. देशाचा नकाशा जुळवायला पुरत नाही.

तर एवढ्याशा फरकासाठी हा सगळा खटाटोप. त्याचं महत्त्व मला असं वाटतं. 'लांबट', 'चपटा', 'उभट' ही विशेषणं आपण रोज चवीसारखी वापरतो. तुला लांबट वाटतं, मला नाही, विषय संपला. पण प्रत्येक विशेषणाच्या पोटात एक तुलना लपलेली असते, आणि तुलना म्हटली की ती मोजता येते. युक्लिड आणि बौधायन यांच्यापुढे प्रश्न होता की तुलना ज्याच्याशी करायची तो चौरस घरात घ्यायचा की बाहेर ठेवायचा. तो व्याख्येने सुटला, कारण तिथे काय धरायचं ते आपल्या हातात होतं. पृथ्वीच्या बाबतीत आपल्या हातात काही नव्हतं. तिथे 'लांबट' म्हणणाऱ्याला दाखवावं लागलं, कशापेक्षा, किती, आणि तुझ्या मोजपट्टीची चूक त्या फरकापेक्षा लहान आहे का.

हा शेवटचा प्रश्न आजही तितकाच कामाचा आहे. मीटिंगमध्ये कुणी 'नवीन व्हर्जन फास्ट आहे' म्हटलं की कशापेक्षा आणि किती हे आपण विचारतो. पण ज्याने मोजलंय त्याच्या मोजण्यातच किती हेलकावे आहेत, हे विचारायचं राहून जातं. कासिनीही मोजूनच बोलला होता. त्याची मोजपट्टी फरकापेक्षा जाड होती, म्हणून पृथ्वी वीस वर्षं विनाकारण लांबट राहिली.

असो. ऑब्लाँग शब्दावरचा लेख आहे, त्यामुळे लांबणं साहजिकच होतं. पुढच्या वेळी कुणी "लांबट" म्हटलं की एकदा हळूच विचारून बघा, "कशापेक्षा?"